तळ्याचं रफू

थोरलीने तळ्यात विष ओतलं, ही बातमी सकाळी आठला सुटली आणि साडेआठच्या आत गल्लीच्या टोकाला पोहोचली. पोहोचवली टपालवाल्याने. हल्ली पत्रं फारशी येत नाहीत. रिकामी पिशवी घेऊन माणसाने तरी किती दारं वाजवावीत? पहिल्या घरी विष अर्धा डबा होतं. चौथ्या घरी डबा भरला. वळणावरच्या न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत दोन डबे झाले होते आणि धाकटी जाऊ तळ्याच्या काठावर चक्कर येऊन पडली होती.

आता खरं काय ते ऐका. डबा होता. थोरली तो दोन्ही हातांनी छातीशी धरून तळ्यावर गेली, हेही खरं. पण डब्यात होतं पाणी, आणि पाण्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लं. आदल्या दिवशी उपटलेल्या जलपर्णीच्या झिपऱ्या मुळांत ती अडकली होती. थोरलीने रफूच्या बारीक चिमट्याने एकेक सोडवून डब्यात ठेवली होती आणि सकाळी परत पाण्यात सोडायला ती निघाली होती. धाकटीला चक्कर वगैरे काही आली नव्हती. ती त्या वेळी दात घासत होती.

विष मात्र होतं. ते थोरलीच्या पोटात होतं आणि आठ वर्षं मुरलेलं होतं.

दोन भावांची दोन घरं कुशीला कूस लावून उभी. मागे दोघांत मिळून एकच परस आणि परसाच्या मधोमध तळं. कुणी हौसेने खणलेलं नव्हे. सासऱ्यांनी घराच्या विटांसाठी इथली माती काढली. घर उभं राहिलं, खड्डा उरला आणि खड्ड्याला झरा लागला. सासूबाईंनी मागच्या ओढ्यावरून लव्हाळे, पाणकणीस आणि वेखंड आणून काठाला लावलं, मध्ये पांढरी कुमुदिनी सोडली. तेव्हापासून त्या पाण्यावर बाराही महिने काही ना काही हलत असायचं.

घरांच्या कडेला, रस्त्यापासून परसापर्यंत गेलेली, दोघी जावांची मिळून एक लांबट खोली. दारावर पाटी, 'रफू व भरतकाम'. रफू थोरलीचं, भरतकाम धाकटीचं. धाकटी रस्त्याकडच्या खिडकीत बसे, थोरली तळ्याकडच्या. ती मागची जागा आधी सासूबाईंची होती. त्यांनीच थोरलीच्या हातात सुई दिली आणि सुईबरोबर दोन नियम दिले.

पहिला नियम असा, की रफूचा धागा बाहेरून आणायचा नाही. त्याच कापडाच्या दुमडीतून, खिशाच्या आतून, शिवणीच्या पोटातून काढायचा. बाजारात त्याच रंगाचा धागा मिळतो, पण तो त्या कापडाबरोबर उन्हात वाळलेला नसतो, पाण्यात भिजलेला नसतो. तो लगेच चुगली करतो.

दुसरा नियम असा, की दोन बोटं काम झालं की मान वर करायची आणि शंभर मोजेपर्यंत तळ्याकडे बघत राहायचं, हलत्या पाण्याकडे. "डोळा एका जागी खिळला की तो गेलाच म्हणून समज," सासूबाई म्हणायच्या. त्या सत्तरीतही चष्म्याशिवाय सुई ओवायच्या, तेव्हा त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

रफूचं एक दुखणं आहे. ते जितकं चांगलं, तितकं त्याचं कौतुक कमी. गिऱ्हाईक यायचं, धाकटीने भरलेला उशीचा अभ्रा उजेडाला धरायचं, "वा! काय हात आहे हो!" म्हणायचं. मग थोरलीकडून आपला कोट घ्यायचं, उलटून पालटून बघायचं आणि विचारायचं, "भोक कुठे होतं?"

"हे इथे."

"इथे? छे, इथे नसणार."

एका मास्तरांनी तर कोट परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, काहीतरी घोटाळा झालाय. हा माझा कोट नव्हे. माझ्या कोटाला भोक होतं."

त्या दिवशी धाकटी हसून हसून खुर्चीवरून घसरली. थोरलीही हसली. पण घरी गेल्यावर तिने भांडी अशी काही घासली, की कढईचं बूड पातळ झालं असेल. नवरा बस चालवून दमून आलेला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे." हा माणूस इंजिनच्या आवाजात आयुष्य काढलेला, घरात बोलायला त्याच्याकडे हे दोनच शब्द शिल्लक राहिले होते.

तरी हे सगळं सोसण्यासारखं होतं. मग आली ती जलपर्णी.

आठ वर्षांपूर्वी कुण्या गिऱ्हाइकाने धाकटीला एका वाडग्यात तरंगतं रोपटं भेट दिलं. देठ फुगीर, पान चकचकीत, फूल जांभळं, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा ठिपका. धाकटीने ते तळ्यात सोडलं. "एकच तर आहे, ताई," ती म्हणाली. त्या वर्षी ते एकच होतं. दुसऱ्या वर्षी अर्धं तळं जांभळं झालं. तिसऱ्या वर्षी पाणी कुठे आहे, हे काठी टाकून बघावं लागे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आणि धाकटी? धाकटीने ते फूल कापडावर उतरवलं. रेशमाच्या सात छटा लावून, ठिपक्यासकट. उशांवर, पिशव्यांवर, पडद्यांवर. दुसऱ्या गल्ल्यांमधून बायका आल्या, मग दुसऱ्या गावांमधून. एकदा तर वर्तमानपत्राचा माणूस येऊन धाकटीला जांभळ्या तळ्यासमोर उभं करून फोटो काढून गेला. फोटो छापून आला. मागे खिडकीत थोरली बसलेली होती. तिचं अर्धं डोकं आणि एक कान आला होता.

ते कात्रण थोरलीने जपून ठेवलं, सुयांच्या खणात, सगळ्यांत खाली. अधूनमधून काढून ती आपला कान बघायची. कान बरा आला होता.

जावा जावा, उभा दावा, असं लोक म्हणतात. इथे दावा कधी उभा राहिलाच नाही. आठ वर्षांत चढा आवाज नाही, आदळआपट नाही. थोरलीचा हेवा तिच्या रफूसारखाच होता. आतून भरगच्च, वरून बघाल तर काही नाही. धाकटीने नवी लडी आणली की थोरली म्हणायची, "छान आहे गं रंग." आणि सुई बोटात खुपसून घ्यायची.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नाही. दोन बोटं काम झालं की ती मान वर करी, आणि समोर दिसे सतरंजी. हिरवी-जांभळी, गच्च, हलायचं नाव नाही. शंभर मोजून झाले तरी डोळा होता तिथेच. आठव्या वर्षीच्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिला सुई ओवायला तीनदा दोरा लाळेने भिजवावा लागला. मग चारदा. डोळ्यांतून पाणी यायचं. धाकटी विचारी, "ताई, काय झालं?" थोरली म्हणे, "कापडाची धूळ गं."

रफूवालीचे डोळे गेले, की उरतं काय? नुसतं बसणं, आणि समोर दुसरीचं कौतुक ऐकणं. हे थोरलीच्या चांगलं ध्यानात आलं होतं.

अशात दिराने गाडी घेतली. दीर विम्याच्या कचेरीत. सगळ्या गोष्टींत त्याला धोका दिसायचा, आणि गाडी रस्त्यावर उभी करणं हा सर्वांत मोठा धोका. एका रविवारी तो परसात उभा राहून हातावर डास मारत म्हणाला, "वहिनी, हे तळं राहिलंय कुठे? डासांचा कारखाना झालाय. बुजवून टाकू, वर फरशी करू. गाडी सावलीत राहील."

बोलला त्याच आठवड्यात लाल चौकोनी फरश्या येऊन भिंतीला टेकल्या. शंभर-सव्वाशे असतील.

थोरली खिडकीतून उठून बाहेर आली. "भाऊजी, तळं बुजवायचं नाही."

"मग ह्या जंगलाचं काय करायचं?"

"मी काढते."

"आणि मग? नुसता चिखल? त्याच्यात पुन्हा डास."

"पूर्वी होतं तसं करते. काठ आणि पाणी."

दिराने भावाकडे बघितलं. थोरले म्हणाले, "असू दे." आता तळं असू दे की फरशी असू दे, हे कुणालाच कळलं नाही. शेवटी दिरानेच निवाडा केला. एक वर्ष. पुढच्या वर्षी याच दिवशी तो गवंडी घेऊन येणार. डास नकोत, वास नको, काठ ढासळलेला नको. यांतलं एक जरी आढळलं, तर त्याच दिवशी भराव.

धाकटी दारातून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आणि माझी फुलं?"

दीर फरश्या मोजायला वळला. थोरलीच्या कानांत मात्र ते तीन शब्द मध घातल्यासारखे उतरले. आता ती तळं वाचवायला निघाली होती की फुलं उपटायला, असं तुम्ही विचाराल. धागा दोन पदरी होता. पदर वेगळे करायला गेलं तर तुटला असता.

दुसऱ्या दिवसापासून तिने कामाला हात घातला, तोही रफूवालीच्या पद्धतीने. तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत सुतळ्या ताणल्या, हातभर अंतराने, मागावर ताणा ताणतात तशा. रोज एक पट्टा. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून, लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढायचं, उपटायचं, काठापासून दूर फरश्यांपाशी उलटं पसरायचं, मुळं आभाळाकडे. काठाशी ठेवलं तर ते सरपटत परत जातं, असा तिला संशय होता, आणि तो फार चुकीचा नव्हता. तुटकं पान राहिलं तरी त्याला फुटवा येतो. म्हणून ती साफ झालेला पट्टा दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गल्लीतली मंडळी कुंपणावर कोपर टेकून बघत. "वहिनी, हरवलंय का काही?" "हो, तुमचं काम," ती वाकल्या वाकल्या म्हणे.

याच दिवसांत तो बेडकांचा डबा निघाला आणि टपालवाल्याचं भलं झालं.

नवव्या आठवड्याला शेवटची सुतळी सुटली. आणि मग दिसलं ते तळं. तळं कसलं, कपबशीतली उरलेली कॉफी. पाणी तपकिरी, काठ बोडका, जागोजागी माती खचलेली, आणि आठ वर्षांत हरवलेली एक चप्पल. गल्ली हळहळली. "किती सुंदर दिसायचं हो जांभळं! जळकेपणाने घालवलं बाईने."

धाकटी तेवढी चांगली वागली, आणि तेच थोरलीला सहन झालं नाही. ती काठाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, दमलात ना? एक-दोन माझी ठेवायची होतीत. शोभेला."

शोभेला! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पायांतला चिखल न धुता रोपवाटिकेत गेली.

"पाण्यात लावायचं काही आहे?"

"आहे की. कसलं पाहिजे?"

"फुलाचं. मोठ्या फुलाचं. जांभळ्यापेक्षा उठून दिसेल असं."

रोपवाल्याने एक टब दाखवला. तळहाताएवढं पिवळंधमक फूल, मेणासारखं पान. "बाहेरचं आहे, बाई. इथे कुणाकडेच नाही. आणि काळजी घ्यावी लागत नाही, आपलं आपण पसरतं."

'आपलं आपण पसरतं' हे ऐकूनही जिला शंका आली नाही, ती बाई आठ वर्षं काय बघत होती, असं विचारायची सोय नाही. हेव्याला कान नसतात. थोरलीने सहा रोपं घेतली आणि आपल्या बाजूच्या काठाला लावली. धाकटीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतील अशी.

पाच आठवडे तिचा रुबाब बघण्यासारखा होता. लोक पुन्हा कुंपणाशी थांबू लागले. "पिवळंही बरं दिसतं हं." थोरली मान लववून म्हणे, "हो, जरा वेगळं." धाकटी म्हणाली, "फार सुरेख, ताई." हे ऐकताना थोरलीला जेवल्यासारखं वाटलं.

सहाव्या आठवड्यात एक राखी कोट आला. भोक मोठं होतं, आणि कुणीतरी ते आधी घरीच बुजवलेलं होतं. नव्याकोऱ्या चकचकीत धाग्याने. रंग जवळचा, पण भोकाहून तो धागाच आधी डोळ्यांत भरे, आणि त्याच्या ताणाने भोवतीचं कापड चुरगळून फाटायला आलेलं.

"कुठल्या शहाण्याने केलंय हे?" थोरली फणकारली. "घरात कोटाची दुमड असताना बाजारातून धागा! याला म्हणतात उंटावरचा शहाणा." ती उसवत बसली. दोन बोटं उसवून झाली. सवयीने मान वर गेली.

समोर पिवळं. तिच्या काठापासून निघून निम्म्या तळ्यापर्यंत गेलेलं, गच्च, न हलणारं.

ती शंभरापर्यंत मोजू शकली नाही. वीसवरच उठली. टेबलावर कोट, कोटात सुई तशीच. बाहेर जाऊन तिने भिंतीवरचं दाताळं उचललं.

आता गल्लीची काय मजा झाली असेल, ते सांगायला नको. "काढलं जांभळं, घातलं पिवळं, आता येणार तांबडं!" न्हाव्याने तर पैजा लावायला सुरुवात केली. थोरलीने मान वर केली नाही. पुन्हा सुतळ्या, पुन्हा पट्टे. दुसऱ्याची घाण उपसताना अंगात बळ असतं. आपलीच उपसताना कंबर लवकर दुखते. वर्षातले सहा महिने सरले होते. फरश्या भिंतीला टेकून वाट बघत होत्या.

तळं दुसऱ्यांदा बोडकं झालं, तेव्हा थोरली खिडकीत हातावर हात ठेवून बसली नाही. तिने कोटाला जे विचारलं असतं, तेच तळ्याला विचारलं. बाबा रे, तुझी दुमड कुठे आहे? आठ वर्षांत इथलं सगळं मेलं असेल, पण शिवणीच्या पोटात काहीतरी उरतंच. ती काठाने फिरू लागली, दगडन् दगड उचलून. आणि तळ्याचं जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं, त्या चिंचोळ्या पन्हळीशी येऊन थांबली. पन्हळ पुढे वळत होती ती थेट धाकटीच्या धुण्याच्या दगडामागे.

थोरलीने वाकून बघितलं. दगडाच्या फटीत लव्हाळ्यांचं बेट. दोन पाणकणसं, माना बाहेर काढून. एक पान तिने चिरडून नाकाशी धरलं. वेखंड. तोच वास, सासूबाईंच्या हाताचा.

सापडलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा क्षण. मग डोक्यात आलं, मागायचं कुणाकडे? हिच्याकडे! जिची फुलं दोन महिने उपटून उन्हात उलटी पसरली, तिच्या दारात हात पसरायचा? थोरली तशीच परत गेली. तीन दिवस ती दगडाकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. चौथ्या दिवशी सुई ओवायला पाच खेपा लागल्या. मग ती गेली.

धाकटी दगडावर रेशमाच्या लड्या धूत होती, रंग सुटतो का बघायला.

"मला यातलं थोडं हवंय," थोरली म्हणाली. सुतक सांगायला आल्यासारखा आवाज.

"कशातलं?"

"ह्या... गवतातलं."

धाकटीने लडी पिळली. "घ्या की. तुमचंच आहे. मी नुसतं पाणी घालत होते. हे तर कधीपासून म्हणतायत पन्हळ सिमेंटची करू. मी करू दिली नाही."

"का?"

"सासूबाईंनी जाताना सांगितलं होतं. म्हणाल्या, ही पन्हळ बंद करू नकोस."

थोरलीचा राग उसळला. "मला नाही कधी सांगितलं."

"मीही विचारलं ना त्यांना, ताईंना का नाही सांगत? तर म्हणाल्या, थोरलीला सांगायला लागत नाही, तिला दिसतं. तुला सांगावं लागतं." धाकटी दुसरी लडी पाण्यात बुडवत म्हणाली, "माझ्या किती जिव्हारी लागलं असेल, विचार करा. तुम्हाला त्यांनी मागची खिडकी दिली, सुई दिली. मी दोनदा म्हटलं, मलाही रफू शिकवा. म्हणाल्या, तुझ्या हाताला दिसायची हौस आहे. मी पुढे बसते ती काय हौसेने? मागची जागा भरलेली होती."

थोरली उभीच राहिली. आठ वर्षं तिला वाटत होतं, की जळण्याचं काम घरात आपण एकटीच करतो. आणि ही बया पुढच्या खिडकीत बसून तेच करत होती, तेही सात छटांत! मनातल्या मनात थोरलीला कसं वाटलं, सांगू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. धाकटीबद्दल माया वगैरे नंतर आली असेल तर असेल. आधी आलं ते हेच, की आपलाही कुणाला तरी हेवा वाटतो.

"घ्या ना सगळं," धाकटी म्हणाली.

"सगळं नाही. दुमडीतले सगळे धागे काढले, तर दुमडच उसवते." थोरली खाली बसली. "तिसरा हिस्सा देतेस? बाकीचं तुझ्याकडेच वाढू दे."

लावणीही तिने तशीच केली. हातभर अंतर सोडून एक लव्हाळा, मग मोकळी जागा, मग वेखंड. कुणाला वाटावं, बाई कंजूष. पण घट्ट भरलं की ताण येतो, हे तिला कोटाने शिकवलं होतं. खचलेल्या काठाला मुळांनी हळूहळू माती धरून ठेवली. पाणी निवळलं. बेडूक आले, त्यांनी डासांचा समाचार घेतला. आणि उजेड तळापर्यंत जायला लागल्यावर, आठ वर्षं गाळात दडून बसलेलं काहीतरी जागं झालं. एक गोल पान वर आलं, मग दुसरं. कुमुदिनी. ती कुणी लावली नव्हती, कुणाकडे मागितली नव्हती.

फक्त ती वर आली कुठे? धाकटीच्या बाजूला. थोरलीने आभाळाकडे बघून विचारलं, "माझी थट्टा करायला दुसरं कुणी मिळालं नाही का?"

वर्ष भरलं. दीर गवंड्याला घेऊन परसात आला. हातात फीत, कानावर पेन्सिल. दीर वचनाला पक्का. त्याने खुर्ची मागवली, अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून काठाला बसला आणि डास चावायची वाट बघू लागला. चहाचा कप निवला. एकही चावला नाही. मग त्याने वास घेतला. वेखंडाचा आला. मग काठावर पाय आपटून बघितला. काठ हलला नाही.

गवंडी म्हणाला, "साहेब, बुजवायचं ते कुठे आहे?"

"हेच."

"हे होय? मला वाटलं, हे तुमचं कायमचं आहे."

दिराने फरश्यांकडे बघितलं. धाकटी आतूनच ओरडली, "त्या फाटकापाशी लावा हो! गाडीवर चार खांब टाकून छप्पर घाला. इथे कशाला?" थोरले कामावर निघाले होते, ते थांबून म्हणाले, "असू दे." आणि या खेपेला काय असू दे, ते सगळ्यांना कळलं. गवंड्याने फीत गुंडाळली.

इथे गोष्ट थोरलीच्या मानपानाने संपायला हवी. पण नेमकी त्याच सकाळी ती कुमुदिनी उमलली. पांढरीशुभ्र, बशीएवढी, धाकटीच्या काठापासून दोन हातांवर. टपालवाला आला, त्याने बघितली आणि पिशवी सावरत पळाला. अर्ध्या तासात सगळी गल्ली धाकटीच्या बाजूला गोळा. "धाकट्या वहिनींनी तळं नवं केलं!" "काय फूल आहे हो!" "आता हे भरायला घेणार ना कापडावर?" घेतलंही होतं. पांढऱ्यावर पांढरं, तिच्या मांडीवर पहिली पाकळी तयार होती.

थोरली मागच्या खिडकीत मास्तरांचा दुसरा कोट घेऊन बसलेली. सगळं ऐकू येत होतं. सुई बोटात जाता जाता राहिली. तिने दोन बोटं काम पुरं केलं, मान वर केली आणि मोजायला लागली. वाऱ्याने लव्हाळे वाकत होते, पाण्यावर सुरकुत्या येत होत्या. शंभर झाले. तिने खाली बघून दोरा घेतला. पहिल्या खेपेत ओवला गेला.

बाहेर धाकटी म्हणत होती, "अहो, माझं काही नाही. हे सगळं ताईंनी केलंय. वर्षभर खपल्या."

गर्दी वळली. सगळ्यांनी थोरलीच्या बाजूचा काठ बघितला. नीट बघितला. लव्हाळे, थोडी मोकळी जागा, वेखंड, पाणी. टपालवाल्याने खिडकीपाशी येऊन मान आत घातली.

"थोरल्या बाई, रागवू नका. पण वर्षभर केलंत तरी काय? इथे तर काहीच केलेलं दिसत नाही."

थोरली म्हणाली, "दिसलं असतं, तर उसवून पुन्हा केलं असतं."